‘इनेप्ट’ ह्या शब्दाविषयी

वरच्या वर्गांतील मुले इंग्रजी निबंधात ‘अयोग्य’ ह्या अर्थी हाताला लागेल तो शब्द घालतात. कोणी ‘अनफिट’ लिहितो, कोणी ‘अनसूटेबल’, आणि ज्याने नुकताच कोश चाळला असेल तो मोठ्या ऐटीत ‘इनेप्ट’ लिहितो. हा शेवटला शब्द जपून वापरावा असे आम्हांस वाटते; म्हणून त्याचे कूळ येथे सांगतो.

तो मूळचा लॅटिन. ‘ॲप्टस’ म्हणजे नीट बसलेला, जुळलेला. त्याला नकारदर्शक उपसर्ग लागून ‘इनेप्टस’ झाला, आणि इंग्रजीत तो इ. स. १६०० च्या सुमारास आला. ‘ॲप्टिट्यूड’, ‘अडॅप्ट’ ही त्याचीच भावंडे. विद्यार्थ्यांस मौज वाटेल ती अशी की, ‘ॲप्टस’चा धातू आणि संस्कृतातील ‘आप्’ हे एकाच मुळाचे असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘प्राप्त’, ‘पर्याप्त’ आणि आपल्या घरादारातले ‘आप्त’ हे सारे ‘आप्’पासूनच निघाले. तेव्हा ‘इनेप्ट’ हा दूरच्या नात्याने ‘अनाप्त’च होय.

आता अर्थभेद. आमच्या गावाच्या नावातच बाभूळ आहे. बाभळीचे लाकूड कठीण व चिवट. गाडीच्या चाकास आणि शेतीच्या अवजारांस ते उत्तम. पांगाऱ्याचे लाकूड हलके व मऊ. त्याचे चाक कोणी करणार नाही. पांगारा चाकाला ‘अनफिट’ आहे असे खुशाल म्हणावे. परंतु ‘इनेप्ट’ म्हणू नये. बिचाऱ्या झाडाकडे दोष कसला? ‘इनेप्ट’ म्हणावयास आज मनुष्य, निदान त्याचे कृत्य वा बोलणे हवे.

ह्याविषयी सिसेरोचे विवेचन फार मार्मिक आहे. ‘डी ओराटोरे’ हा वक्तृत्वावरील ग्रंथ त्याने ख्रिस्तपूर्व ५५ मध्ये लिहिला. त्यात क्रॅसस म्हणतो की, ज्याला वेळ ओळखता येत नाही, जो गरजेपेक्षा अधिक बोलतो, स्वतःचीच मिरवणूक काढतो, किंवा भोवतालच्या मंडळींची प्रतिष्ठा व सोय पाहत नाही, तो ‘इनेप्टस’. पुढे तो ग्रीकांस चिमटा घेतो: त्यांच्या भाषेत ह्या दोषाला नावच नाही, कारण तो त्यांच्या अंगी इतका मुरला आहे की त्यांस तो दिसत नाही! ग्रीकांवर हा अन्यायच. पण मयताच्या घरी बसून कापसाच्या भावाचा घोळ घालणारे गृहस्थ आम्हीही पाहिले आहेत, आणि मराठीतही त्यांच्यासाठी नेमका शब्द चटकन सापडत नाही. ‘अप्रस्तुत’ जवळचा खरा. पण तो बोलण्याला लागतो, बोलणाऱ्याला नव्हे. उलट निर्गमाच्या चौथ्या अध्यायात मोशे आपण बोलण्यास मंद आहोत असे सांगतो, व अहरोन त्याच्या साह्यास येतो. मोशेला फार तर ‘अनफिट’ म्हणता येईल. आपल्या उणिवेचे ज्याला इतके भान आहे तो सिसेरोच्या अर्थाने ‘इनेप्ट’ नव्हे.

मागे एक शेतकरी पालक एका कार्यालयाकडून आलेला कागद घेऊन आम्हांकडे आले. मुलाच्या टंकलेखनाच्या चाचणीवरील शेऱ्यात हाच शब्द होता. “गुरुजी, माह्या पोराले काय म्हनलं हाय यायनं?” असे त्यांनी विचारले. ‘नालायक’ हा पर्याय देता आला असता. फारसी ‘ना’ व अरबी ‘लायक’ मिळून झालेल्या त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘न जुळणारा’ एवढाच. परंतु मराठीत तो शिवी होऊन बसला आहे, आणि बापाने तो मुलाविषयी आमच्या तोंडून ऐकला असता तर घरी काय झाले असते हे सांगावयास नको. ‘इनेप्ट’ही त्याच वाटेने घसरत ‘गबाळा’, ‘मूर्ख’ इथवर येऊन पोहोचला आहे. आम्ही त्याचे मूळ धरले व म्हणालो, “त्या कामाला त्याचा हात अजून बसलेला नाही, असे लिहिले आहे.”

त्यांनी कागदाची घडी केली, “मंग बसन न जी,” म्हणाले, आणि एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठले.