रोम, दुसऱ्यांदा आणि पायी

रोम मी पहिल्यांदा पाहिलं ते बसच्या खिडकीतून. तेव्हा मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. आई, बाबा, काका, काकू आणि मी, शिवाय टूरमधली आणखी तीसेक माणसं. दहा दिवसांत सहा देश आणि त्यात रोमच्या वाट्याला दीड दिवस. ट्रेवी फाउंटनला वीस मिनिटं, कोलोसियम बाहेरून आणि स्पॅनिश स्टेप्सपाशी फोटोपुरतं उतरायचं. तुम्हीही अशी टूर केली असेल, तर ती छोटी झेंडी आणि दर तासाला होणारी डोकेमोजणी विसरला नसाल.

त्या पायऱ्यांकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला एक जुनी इमारत दिसते. इंग्रज कवी जॉन कीट्स तिथेच वारला. कीट्स मला अभ्यासाला होता. मी विचारलं, पाच मिनिटं आत जाऊन येऊ का? बसला उशीर होईल, असं उत्तर मिळालं. बाबा म्हणाले, ‘‘पुढच्या वेळी गं.’’

पुढची वेळ सहा वर्षांनी आली. मधल्या काळात मला टीबी होऊन गेला.

तेवीस पूर्ण झाली होती, नवी नोकरी होती. खोकला जाईना, संध्याकाळी बारीक ताप यायचा, वजन सात किलो उतरलं. आधी सगळ्यांनी बाहेरच्या खाण्याला दोष दिला. मग तपासणी झाली आणि सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, हा पूर्ण बरा होणारा आजार आहे, फक्त एकही दिवस चुकवायचा नाही. पण आमच्या घरात तो शब्दच बंद झाला. आम्ही इंदूरचे. इथला आमचा मराठी गोतावळा एवढासा, एका घरी कुणी शिंकलं की तीन गल्ल्यांत कळतं. त्यामुळे बाहेर ‘टायफॉइड उलटला’ एवढंच सांगितलं गेलं. शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या काकूलासुद्धा तेच. पुढे माझ्या लग्नाचं बघायचं होतं ना!

आईवर मी फार चिडले होते. तिनं माझं ताट-वाटी वेगळी केली नाही, रात्र रात्र उशाशी बसली, गोळीची वेळ एकदाही चुकू दिली नाही. पण नाव घेतलं नाही. मला लाज वाटावी असं काहीतरी माझ्या हातून घडलंय, असं ते सहा महिने वाटत राहिलं.

त्या दिवसांत दुसऱ्या मजल्यावरच्या घरी पोहोचायला मला मधे दोनदा थांबावं लागायचं. मग मी चालायला सुरुवात केली. आधी फाटकापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या दुधाच्या दुकानापर्यंत, मग बागेला एक चक्कर. औषधं संपून वर्ष झालं तेव्हा मी रोमचं तिकीट काढलं. कंटेंट रायटरच्या पगारातून त्यासाठी किती महिने पैसे साठवावे लागले, ते विचारू नका. आई म्हणाली, ‘‘एकटीनं कशाला? टूर आहेत की.’’ मी म्हटलं, ‘‘मला चालायचंय.’’

ऑक्टोबरमधलं रोम चालणाऱ्यासाठी छान असतं. मी तेर्मिनी स्टेशनजवळ साधीशी खोली घेतली होती. जायचा विचार असेल तर चांगले बूट आधी घ्या. जुन्या भागातले रस्ते काळ्या दगडाच्या चौकोनी ठोकळ्यांचे आहेत, त्यांना ‘सांपिएत्रिनी’ म्हणतात. दिसतात सुंदर, पण घोटे दुखतात. आणि पाण्याची बाटली विकत घेऊ नका. मागच्या खेपेला आईनं दर बाटलीमागे रुपयांचा हिशोब करून उसासा टाकला होता. आम्हाला तेव्हा कुणी सांगितलंच नाही की, गल्लोगल्ली ‘नासोने’ नावाचे लोखंडी नळ आहेत आणि त्यांतून पिण्याचं गार पाणी चोवीस तास फुकट वाहत असतं. नासोने म्हणजे मोठं नाक. तोटीचा बाक खरंच नाकासारखा असतो. तोटीचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या छोट्या भोकातून कारंजं उडतं, वाकून प्यायचं. पहिल्या प्रयत्नात मी स्वतःची ओढणी भिजवली. शेजारचे आजोबा खोखो हसले.

अशीच वाट चुकत, विचारत मी स्पॅनिश स्टेप्सपाशी पोहोचले. पायऱ्यांवर आता बसू देत नाहीत, बसलात तर दंड होतो. मला बसायचंच नव्हतं. मी सरळ उजवीकडच्या दारात शिरले.

कीट्सची खोली फारच लहान आहे. एक खिडकी पायऱ्यांवर उघडते आणि खाली चौकातल्या नावेच्या आकाराच्या कारंज्याचं पाणी ऐकू येतं. कीट्स इथे नोव्हेंबर 1820 मध्ये आला, इटलीच्या हवेनं बरं वाटेल म्हणून. सोबत चित्रकार मित्र जोसेफ सेव्हर्न होता, त्यानंच शेवटपर्यंत शुश्रूषा केली. कीट्स स्वतः वैद्यकी शिकलेला, त्यामुळे खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा त्याचा अर्थ त्याला कुणी सांगावा लागला नव्हता. इथे डॉक्टरांनी त्याचं आणखी रक्त काढलं आणि खाणं जवळजवळ बंद केलं. मला दूध, अंडी, शेंगदाण्याचे लाडू खा म्हणून मागे लागायचे, ते आठवलं. 23 फेब्रुवारी 1821 ला तो गेला, टीबीनं. वय पंचवीस. त्या खोलीत उभी होते तेव्हा माझंही तेवढंच होतं. तो गेल्यावर रोमच्या तेव्हाच्या नियमानुसार खोलीतलं सामान जाळून टाकलं गेलं. आजचा पलंग त्याचा नाही. छतावरची फुलांची नक्षी मात्र तेव्हाचीच आहे. पडल्या पडल्या त्याला तीच दिसत असणार.

त्याच्या मृत्यूनंतर एकसष्ट वर्षांनी, 1882 मध्ये रॉबर्ट कॉखनं या रोगाचा जंतू ओळखला. माझ्या लाल गोळीतलं रिफॅम्पिसिन ज्या औषधांच्या घराण्यातलं, ते सापडलं 1957 मध्ये, याच देशात, मिलानच्या प्रयोगशाळेत. कीट्सला उशीर झाला आणि मला नाही, एवढाच काय तो फरक.

बाहेर येऊन मी 135 पायऱ्या चढले. मधे थांबले नाही. वर पोहोचल्यावर छातीवर हात ठेवून पाहिला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या कबरीकडे निघाले. मेट्रोनं पिरामिदे स्टेशनपर्यंत जाता येतं, पण मी कोलोसियमवरून, सर्कस मॅक्सिमसच्या मोकळ्या मैदानाच्या कडेनं चालत गेले. थांबत, नळावर पाणी पीत दीड तास लागला. कैयस सेस्टियस नावाच्या एका रोमनासाठी दोन हजार वर्षांपूर्वी बांधलेला टोकदार पिरॅमिड तिथे आहे आणि त्याच्या पायथ्याशी कॅथलिक नसलेल्यांचं कब्रस्तान. आत गवत, उंच झाडं, उन्हात पसरलेली मांजरं. कीट्सच्या दगडावर एक वीणेसारखं वाद्य कोरलंय, त्याच्या काही तारा तुटलेल्या. नाव नाही. त्याचीच तशी इच्छा होती. शेजारी सेव्हर्नची कबर आहे. तो त्यानंतर अठ्ठावन्न वर्षं जगला, पण पुरला गेला मित्राशेजारी.

तिथेच बाकावर बसले असताना आईचा व्हिडिओ कॉल आला. इंदुरात दुपार कलली होती. दिवाळी जवळ आलेली, काकू मदतीला येऊन चकल्या पाडत होती. मी फोन फिरवून दोघींना दगड दाखवला.

‘‘कुणाचा गं?’’ काकूनं विचारलं.

‘‘एका कवीचा. पंचविसाव्या वर्षी गेला.’’

‘‘अगंबाई! काय झालं होतं त्याला?’’

मी गप्प झाले. ‘टायफॉइड’ अगदी जिभेवर आलं होतं, इतकी सवय झाली होती. आई पलीकडे कढईपाशी उभी होती. झारा तसाच हातात, मान वर न करता म्हणाली, ‘‘टीबी. आपल्या हिला झाला होता, तोच.’’

काकूचा हात सोऱ्यावर थांबला. तिनं आईकडे पाहिलं, मग फोनमधल्या माझ्याकडे.

‘‘आणि मला आज सांगतेस?’’ ती आईला म्हणाली. ‘‘अगं, गोळ्यांनी तोंडाची चव जाते, हिला लिंबाचं लोणचं तरी पाठवलं असतं मी. माझ्या माहेरी मोठ्या भावाला झाला होता.’’

आईनं गॅस बारीक केला आणि ती काकूशेजारी खाली बसली. दोघी बोलत राहिल्या. मला मधे काही विचारलं नाही, फोन डब्याला टेकवलेला होता, तिथेच राहिला. मीही तो बंद केला नाही. एक पांढरं मांजर येऊन माझ्या बुटाला अंग घासायला लागलं होतं.