मायचा घोटा

आषाढातल्या पावसात माय ओट्यावरून घसरली, तेव्हा उजवं पाऊल बाहेरच्या अंगाला वळलेलं दिसत होतं. प्रकाशा गावाजवळच्या आमच्या खेड्यात तेल चोळून बांबूच्या कामट्या बांधून घेणारे अजून आहेत. शेजाऱ्यांचं मतही तेच पडलं. पण आम्ही तिला गाडीत घालून नंदुरबार गाठलं.

डॉक्टरांनी आधी पाऊल ओढून जागेवर आणलं आणि मागून प्लास्टरची पट्टी दिली. एक्स-रेत घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडलेली. ऑपरेशन लगेच करा, असा आमचा आग्रह. त्यांनी मायची कातडी दाखवली. सुजेने ती चकाकत होती, फोड आले होते. त्यात मधुमेह जुना. अशा कातडीवर चिरा दिला तर जखम चिघळते, हाडाला बसवलेली धातूची पट्टीसुद्धा काढावी लागते. सूज उतरून कातडीला पुन्हा सुरकुत्या पडेपर्यंत थांबायचं ठरलं. पाय उशांवर उंच, साखर आटोक्यात. आमच्या जिल्ह्यात सिकलसेल बराच आहे, आणि ऑपरेशनच्या वेळी मांडी आवळून रक्त थांबवतात, म्हणून तीही तपासणी झाली.

नुसत्या प्लास्टरवर भागेल का, हे मी विचारलं. ब्रिटनमध्ये साठीपुढच्या 620 रुग्णांवर झालेला, 2016 साली छापलेला अभ्यास त्यांनी सांगितला. भूल देऊन घट्ट बसवलेलं प्लास्टर आणि ऑपरेशन, दोन्हींत सहा महिन्यांनी चालणं-फिरणं सारखंच होतं. प्लास्टरमध्ये हाड वाकडं जुळण्याचं प्रमाण जास्त, ऑपरेशनमध्ये जखमेच्या संसर्गाचं. हे ऐकून मला धीर आला, कारण चाकूची घाई करायची गरज नव्हती. पण दुसऱ्या एक्स-रेत मायचं हाड प्लास्टरमध्येही सरकलेलं निघालं. मग ऑपरेशन.

"काय सांगस रे डाक्टर?" ती विचारत राहिली. कमरेत इंजेक्शन देऊन बाहेरच्या हाडाला पट्टी, आतल्याला दोन स्क्रू बसवले. हाड ठिसूळ, म्हणून पट्टी लांब घेतली.

खरा कस पुढे लागला. पाय टेकवायचा नाही, आणि माय जन्मभर उकिडवी बसलेली. कमोडच्या खुर्चीवर बसायची तिला लाज वाटे. बहिणीने पडदा लावून दिला तेव्हा ती तयार झाली. वॉकर हातात आला तो दिवस तिने आत्याला फोन करून सांगितला. आता काठी घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत जाते. चुलीपुढे बसणं जमत नाही, म्हणून भाकरी उभ्याने, नव्या ओट्यावर थापते. पट्टी आतच आहे. त्रास नसेल तर काढायची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले आहेत.