आवाज येतो, चित्र येत नाही

टीव्हीचा आवाज येतोय पण चित्र नाही, ही सध्या आपल्याकडची सगळ्यात कॉमन तक्रार. आणि तिच्यावर मिळणारं सगळ्यात कॉमन उत्तर : "पॅनल गेलं. नवीनच घ्या." थोडं लांब लिहितोय, पण ज्यांच्या घरी भिंतीवर बंद टीव्ही नुसता लटकतोय त्यांनी वाचाच.

पॅनल जाणं आणि बॅकलाइट जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो बहुतेक वेळा एलसीडीच असतो. चित्र दाखवणारी काच स्वतः उजेड देत नाही. तिच्या मागे छोट्या एलईडी दिव्यांच्या पट्ट्या असतात, त्यांचा उजेड काचेतून आपल्याकडे येतो. हे दिवे गणपतीच्या माळेसारखे एकामागून एक, सिरीजमध्ये जोडलेले. एक उडाला की सगळी माळ बंद. काच शाबूत, बोर्ड शाबूत, रिमोट चालतोय, बातम्या ऐकू येतायत. फक्त अंधार.

हे तपासायला मेकॅनिकही लागत नाही. खोलीतला दिवा घालवा, टीव्ही चालू ठेवा आणि मोबाइलची बॅटरी पडद्याजवळ तिरकी धरा. अंधुक चित्र हलताना दिसलं तर काच जिवंत आहे, पट्ट्या बदलून काम होतं. ३२ इंची टीव्हीत बहुधा दोन-तीन पट्ट्या असतात आणि त्यांचा सेट काही शे रुपयांत मिळतो.

आमच्या शेजारच्या काकूंचा टीव्ही जेमतेम तीन वर्षांचा. सर्व्हिस सेंटरचा माणूस आला, मागचं झाकणही न उघडता "पॅनल" म्हणाला, भेटीचे पैसे घेतले आणि जाता जाता एक्स्चेंज ऑफरचा कागद देऊन गेला. संध्याकाळी आम्ही बॅटरी धरून बघितलं, तर मालिकेतल्या सासूबाई अंधारात व्यवस्थित भांडत होत्या. दुसऱ्या दिवशी स्टँडजवळच्या आपल्या मेकॅनिकने पट्ट्या टाकून दिल्या. काकूंनी एक्स्चेंजच्या कागदात चकल्या बांधून आमच्याकडे पाठवल्या.

आता, घरी उघडायचा का? माझं मत स्पष्ट आहे. बॅटरीची टेस्ट करा, प्लग-सॉकेट तपासा, सेटटॉपची वायर बदलून बघा, सेटिंगमध्ये बॅकलाइट शंभरवर असेल तर साठ-सत्तरवर आणा (पट्ट्यांचं आयुष्य खरोखर वाढतं, दुकानात टीव्ही झगझगीत दिसावा म्हणून तो वर ठेवलेला असतो). पण झाकण काढायचं ते ज्याला कळतं त्यानेच. पॉवर सप्लायवरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट किंवा जास्त साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात. यूट्यूबवाला हे सांगतो, पण घाईत. शिवाय पट्ट्यांपर्यंत पोचायला काच उचलावी लागते. ती कागदासारखी पातळ, एका बाजूने उचलली की तडकली. कडेच्या रिबनला धक्का लागला तर उभ्या रेषा कायमच्या. मग "पॅनल गेलं" हे वाक्य खरं होतं!

लाल दिवा लुकलुकतो पण टीव्ही सुरू होत नाही, तेव्हा बऱ्याचदा पॉवर सप्लायवरचा एखादा कपॅसिटर फुगलेला असतो. तो दहा-वीस रुपयांचा असतो. मात्र काच फुटली असेल तर नवीन घ्या म्हणणारा फसवत नाहीये. टीव्हीच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा त्या काचेचाच असतो.

आपल्या मेकॅनिकचं दुखणं वेगळंच आहे. कंपनी सर्किटचा नकाशा देत नाही, ओरिजिनल बोर्ड देत नाही. मग तो युनिव्हर्सल बोर्ड बसवतो आणि आपण म्हणतो, "डुप्लिकेट माल टाकला." युरोपियन युनियनमध्ये मार्च 2021 पासून नियम आहे : टीव्हीचे ठराविक सुटे भाग, त्यात पॉवर सप्लायही आला, मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान सात वर्षं दुरुस्ती करणाऱ्यांना मिळाले पाहिजेत. फ्रान्सने त्याच वर्षी टीव्हीवर दुरुस्तीचे दहापैकी गुण छापायला लावले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, नंतर पोर्टलही सुरू केलं. पण पोर्टलवर माहिती टाकणं वेगळं आणि भाग देणं सक्तीचं असणं वेगळं. सप्टेंबर 2025 मध्ये 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. आनंद आहे. नवीन घेणं स्वस्त झालं, जुना दुरुस्त करणं तिथंच राहिलं. ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल 2023 पासून लागू आहेत, जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि आपल्या गावातले टीव्ही अजून भंगारवाल्याच्या गाड्यावर किलोने जातायत.

आणि आता मुख्य मुद्दा. टीव्ही म्हातारे होऊन जातात तितकेच विजेमुळेही जातात. डीपीवरचा न्यूट्रल तुटला की 230 व्होल्टच्या घरात तीनशे-साडेतीनशेही शिरू शकतात. कारण दोन फेजमधलं अंतरच 400 व्होल्टचं असतं. त्या वेळी एका घराचे दिवे मंद होतात, दुसऱ्याचे डोळे दिपतील इतके पेटतात. असं दिसलं की आधी मेन स्विच पाडा. साध्या स्पाइक गार्डच्या भरवशावर राहू नका, जास्त व्होल्टेजला तोडणारं यंत्र इलेक्ट्रिशियनकडून मेनला बसवून घ्या.

गेल्या आठवड्यात मागच्या गल्लीत नेमकं हेच झालं. एका रात्रीत टीव्ही, फ्रिज, सेटटॉप. वीज कार्यालयातून तोंडी उत्तर मिळालं, "तुमच्या घरातलं वायरिंग बघा." सगळ्या घरांचं वायरिंग एकाच रात्री बिघडलं का, एवढं लेखी विचारायला हवं. तोंडी तक्रारीला काही अर्थ नाही, तक्रार क्रमांक घ्या. तिथं दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, अर्ज साध्या मराठीत चालतो.

ज्यांचं त्या रात्री नुकसान झालं त्यांनी बिल, मेकॅनिकची चिठ्ठी आणि जळालेला बोर्ड जपून ठेवा. बोर्ड भंगारात देऊ नका, तोच पुरावा आहे. ग्राहक क्रमांक इथे कमेंटमध्ये टाकू नका, मला इनबॉक्स करा. सोमवारी सकाळी अकरा वाजता सगळ्यांचे अर्ज एकत्र देऊ आणि प्रत्येकाची पोच वेगळी घेऊ.