कुबेराचे विमान, विश्वकर्म्याची कानस

स्वारगेटच्या फलाटावर साताऱ्याच्या गाडीची वाट पाहत उभे राहणे हा आमच्या नोकरीचाच एक भाग होऊन गेला आहे. २०२५ च्या जून महिन्यातील एका संध्याकाळी आम्ही दोघे असेच उभे होतो. पाऊस लागलेला, गाडीचा पत्ता नाही, आणि सोबत एम.ए.चा आमचा एक विद्यार्थी, मूळचा नागपूरकडचा. प्रबंधिकेचे प्रकरण आमच्या हाती देऊन तो भुयारी मेट्रोकडे वळणार होता. पण जाता जाता थांबला आणि मोबाइलवरची एक बातमी त्याने आमच्यापुढे धरली.

पॅरिसच्या विमान प्रदर्शनात दसॉ आणि रिलायन्स यांनी १८ जूनला जाहीर केले होते, की फाल्कन २००० एलएक्सएस हे बिझनेस जेट नागपूरच्या मिहानमध्ये जुळवले जाईल. फ्रान्सबाहेर असे प्रथमच घडणार होते. पहिले विमान २०२८ पर्यंत तयार व्हायचे होते.

आमच्या तोंडून पहिला उद्गार निघाला तो तुच्छतेचा. धनिकांची खेळणी, असे काहीसे आम्ही म्हणालो. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "मॅडम, माझ्या धाकट्या भावाने आयटीआयला फिटरचा कोर्स केलाय. मिहानमध्ये लागेल का, एवढेच घरी चाललेले असते."

तेवढ्यात गाडी लागली. खंबाटकीचा घाट येईपर्यंत आम्ही एकमेकांशी फारसे बोललो नाही.

ज्याविषयी आपल्याला काही ठाऊक नाही, त्याविषयी इतक्या सहज बोललो याची बोच राहिली, म्हणून वाचू लागलो. १९६३ साली लिअरजेट २३ प्रथम उडाले, तेव्हा त्याची मजल तीन हजार किलोमीटरच्या आसपास होती. १९९५ च्या गल्फस्ट्रीम ५ ने ती बारा हजारांवर नेली. २०१८ मध्ये प्रमाणपत्र मिळालेले ग्लोबल ७५०० चौदा हजार किलोमीटरच्याही पुढे जाते. पुणे ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे १२,६०० किलोमीटर. म्हणजे वाटेत कोठेही न उतरता, डझनभर माणसे एका रात्रीत तेथे पोहोचू शकतात. यामागचे गणित मात्र निष्ठुर आहे. गल्फस्ट्रीम ६५० चे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे ४५ टन. त्यातले २० टन नुसते इंधन. ते इंधन वाहून नेण्यासाठीही इंधनच जळते. म्हणून पंख बारकाईने घडवायचे, आणि हवा विरळ होते तेथे, ५१ हजार फुटांपर्यंत चढायचे. नागपूरचे फाल्कन त्या मानाने मध्यम पल्ल्याचे. सहा प्रवासी घेऊन ते सुमारे ७,४०० किलोमीटर जाते. नागपूर ते पॅरिस अंतर भरते ७,३०० च्या घरात. समोरून वारा असला तर तेवढेही अवघडच.

हे वाचत असताना पुष्पक विमान आठवले नसते तरच नवल. आमच्या पिढीने ते रामाचे म्हणून ओळखले. वस्तुतः ते कुबेराचे, धनाच्या देवाचे. रावणाने ते हिरावले. रामाने सुग्रीव, बिभीषण आणि सगळी वानरसेना त्यात बसवून अयोध्या गाठली आणि मग ते कुबेराकडे परत धाडले. धनिकाचे विमान सर्वांसाठी एकदाच उडाले, असे म्हणावे लागेल. देहूला तुकोबांसाठी विमान आले अशी श्रद्धा आहे. प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' चित्रपटात तुकोबा जिजाईला सोबत बोलावतात, पण ती घरसंसार सोडून निघत नाही. विमानात कोण बसले आणि कोण मागे राहिले, एवढेच आपण आजवर वर्गात शिकवत आलो. पुष्पक घडवले विश्वकर्म्याने, हे आम्हीही शिकवले. पण एका ओळीत, परीक्षेत रिकामी जागा भरा म्हणून विचारण्यापुरते.

फलाटावर आम्ही नेमके तेच केले होते. विमान म्हणताच आम्हाला मालक दिसला. त्याला भाऊ दिसला. मालकाविषयीचे आमचे मत अजूनही फारसे बदललेले नाही. वीस टन इंधन आणि मोजकी माणसे हा हिशेब आम्हाला पटत नाही. परंतु त्या मतापोटी घडवणारा हात नजरेआड करण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला, या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

पुढच्या आठवड्यात तो भेटला तेव्हा आम्ही आधी भावाची चौकशी केली. अर्ज भरला आहे, म्हणाला. मग आम्ही त्याला एक काम सांगितले: भावाच्या कामाच्या टेबलावरचे शब्द उतरवून आण. चार दिवसांनी वहीचे एक पान आले. कानस, छन्नी, पाना, घण. पुढे सारे इंग्रजी, भावाच्या उच्चारात, देवनागरीत लिहिलेले. त्याखाली विद्यार्थ्याने विचारले होते, "सर, हे प्रबंधिकेत बसेल का?"

बसवायचे आहे, असे आम्ही त्याला कळवले आहे. कसे, ते तिघांनाही अजून उमगलेले नाही.