वेमोद

स्वीडिश भाषेत 'वेमोद' असा एक शब्द आहे. कोशात त्याच्यापुढे खिन्नता, विषाद असे काहीबाही दिलेले सापडते. पण ते त्याला पुरे पडत नाही. शोक म्हणावा, तर या शब्दात आक्रोश नाही. आपली 'हुरहूर' पुष्कळ जवळ येते. मात्र हुरहूर कोणाची तरी वाट पाहत असते. वेमोदला कोणी येण्याची आशा उरलेली नसते, आणि तरीही दार लावून घ्यावेसे वाटत नाही. हा अर्थ मला गोथेनबर्गला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने सांगितला.

ताई गेली तेव्हा तो वेळेवर पोचू शकला नाही. आला तो तिसऱ्या दिवशी. दहा दिवस राहिला, सगळे विधी निमूटपणे केले, आल्यागेल्याशी नीट बोलला आणि परत गेला. डोळ्यांतून टिपूस नाही. आमच्याकडच्या बायकांनी त्यावर जे बोलायचे ते बोलून घेतले. पुढे महिन्याभराने त्याने मोबाइलवर एक गाण्यांचा संग्रह पाठवला आणि खाली लिहिले, "मावशी, सवडीने ऐक. शब्दांकडे लक्ष देऊ नकोस."

संग्रहाचे नावच 'वेमोद'. आनेक्डोटेन नावाच्या स्वीडनमधल्या चौघांच्या मंडळीने तो १९९३ मध्ये काढला. ही मुले बोर्लेंगे या गावची. आरंभी ती किंग क्रिम्सन या इंग्रज वाद्यवृंदाची गाणी वाजवीत; मग स्वतःची रचू लागली. इंग्लंडात १९७० च्या आसपास लांबलचक, वळणावळणांच्या रॉक संगीताची मोठी लाट आली होती आणि ओसरलीही होती. ती ओसरल्यावर वीस वर्षांनी स्वीडनमधल्या काही पोरांनी तिचे किनाऱ्यावर राहिलेले शंखशिंपले गोळा केले, असे म्हणायला हरकत नाही.

माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. तरी शब्दांकडे लक्ष गेलेच, आणि भाच्याचा सल्ला योग्य होता असे वाटले. एकटेपणा, समुद्र, चाक अशा विषयांवरची ती गाणी कागदावर मला बेताचीच वाटली. माझ्या वर्गातला एखादा हळवा मुलगा निबंधात असेच लिहितो. पण वाजवणे वेगळे! पहिल्यांदा ऐकताना मी दोनदा बंद केले, इतका तो ढोलताशांचा आणि गिटारचा कल्लोळ. तिसऱ्यांदा रात्री ऐकले. बाहेर महामार्गावरचे ट्रक चालले होते, कारखान्याच्या बाजूला आभाळ तांबूस दिसत होते. त्या कल्लोळाच्या मागून एक आवाज येत होता. व्हायोलिनसारखा, पण व्हायोलिन नव्हे. कोणी ओल्या भिंतीपलीकडे बसून वाजवावे तसा, किंचित थरथरणारा.

ते वाद्य म्हणजे मेलोट्रॉन. १९६३ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमला ते बनू लागले. दिसायला आपल्या पायपेटीसारखे. पण आत ना तारा, ना सूरपट्ट्या. प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असतो आणि त्यावर कोणीतरी पूर्वी वाजवून ठेवलेला एकच स्वर. बोट ठेवले की फीत पुढे सरकते आणि तो स्वर ऐकू येतो. सुमारे आठ सेकंदांनी फीत संपते. मग बोट कितीही दाबून धरा, आवाज नाही! बोट उचलावे लागते, फीत मागे जावी लागते, तेव्हा पुन्हा तीच आठ सेकंदे. फिती ओढताना वेग थोडा कमीजास्त होतो, म्हणून तो थरथराट. वाद्य बनवणारा कारखाना १९८६ मध्ये बंद पडला. म्हणजे या मुलांनी ते हाती घेतले तेव्हा ते जुन्या बाजारातलेच झाले होते. सोईची यंत्रे तोवर निघाली होती. तरी यांना हेच हवे होते.

हे कळल्यावर मला नानांची पेटी आठवली. माझे वडील भजनात पेटी वाजवीत. पेटीचे अगदी उलट: भाता हलत असेपर्यंत सूर सरत नाही, वाजवणाऱ्याच्या दमावर सारे. १९८९ च्या जुलैत अंबा नदीला जो पूर आला, ज्याने वर जांभूळपाड्याची दैना केली, त्या पुरात आमची पेटीही भिजली. नानांनी ती ओटीवर वाळवली, सूर घासले, चामडे बदलले. पण मंद्रातला एक सूर कायमचा बिघडला. पट्टी न दाबताच तो वाजे. भाता हलवला की आधी तो, मग बाकीचे. नाना म्हणत, बरे झाले, षड्ज आयता मिळाला. खरे तर तो षड्ज नव्हता, पण नाना सगळी भजने त्या सुराला षड्ज मानून बसवू लागले, आणि मंडळी तारेवरची कसरत करीत वरच्या पट्टीत गाऊ लागली.

'वेमोद'चा आरंभ 'करेलिया' नावाच्या तुकड्याने होतो; त्यात गाणे नाही, नुसती वाद्ये. करेलिया हा फिनलंड आणि रशिया यांच्यामधला मुलूख. दुसऱ्या महायुद्धात त्याचा मोठा भाग फिनलंडच्या हातून गेला आणि सुमारे चार लाख माणसे घरेदारे सोडून पश्चिमेला आली. शेवटाकडे 'लाँगिंग' येते. त्यात चेलो आहे, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, बसून गुडघ्यांत धरून वाजवायचा. तो वाजवणारी आन्ना सोफी डालबेरी हीच मेलोट्रॉनही वाजवते. हा तुकडा मी सर्वांत जास्त वेळा ऐकला. चेलोचा आवाज बाईमाणसाच्या खालच्या आवाजासारखा. ताई आजारपणात बोलायची तसा.

मुलगा रडला नाही, त्याचे मला आता काही वाटत नाही. रविवारी त्याला फोन लावला. ऐकले म्हणून सांगितले. ढोल फार मोठे आहेत, हेही सांगितले. तो हसला. मग थोडा वेळ कोणीच बोलले नाही. तिकडे किती वाजता उजाडते, असे मी विचारले. "पावणेनऊला. आणि साडेतीनला अंधार." जेवणाखाण्याचे विचारले. आईची पोह्यांची कृती लिहून पाठव म्हणाला, त्यात ती शेवटी काय घालायची ते आठवत नाही.

"आणि मावशी, आजोबांची पेटी आहे का गं अजून?"

माळ्यावर आहे, म्हटले. भात्याला उंदरांनी भोक पाडले आहे. तरी दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी ती खाली काढली, पुसली, भोकावर तळहात धरून भाता दाबला. तो सूर आला. बाकीच्या पट्ट्या मुक्याच राहिल्या. मी तो मोबाइलवर घेतला आणि पोह्यांच्या कृतीबरोबर पाठवून दिला.