गिअरबॉक्स खोलण्याआधी

‘गिअरबॉक्स गेला’ हे वाक्य गॅरेजमध्ये फार लवकर उच्चारलं जातं. तुर्भ्याला आमच्याकडे जुन्या ऑटोमॅटिक गाड्या येतात, तेव्हा बरेच मालक ते दुसरीकडे ऐकूनच आलेले असतात. तक्रार ठरलेली: रेस दिली की आरपीएमचा काटा चढतो, इंजिन ओरडतं, गाडी मात्र त्या मानाने पळत नाही. गिअर स्लिप होतोय हे खरं, पण कशामुळे, ते शोधायचं अजून बाकी असतं.

पहिला प्रश्न, ऑटोमॅटिक कोणत्या जातीची? 2014 साली सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेली एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तिथे यंत्र करतं. ती स्लिप झाली तर बहुधा नेहमीची क्लच प्लेट झिजलेली असते. जुन्या चार-पाच गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र सगळा कारभार तेलाचा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद तेलातून पुढे जाते आणि आतल्या क्लच प्लेटा तेलाच्याच दाबाने आवळल्या जातात. दाब कमी पडला की प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात, तापल्या की करपतात.

म्हणून मी आधी डिपस्टिक काढतो. होंडाच्या गाडीत तेलाची पातळी इंजिन गरम करून, बंद केल्यावर लगेच बघायची. टोयोटाची पद्धत इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या खाचांतून फिरवून बघण्याची. मग थेंब पांढऱ्या कागदावर टाकायचा. लालसर असेल तर आशा आहे. काळपट आणि करपट वासाचा असेल तर प्लेटा जळाल्या आहेत. दुधाळ गुलाबी असेल तर रेडिएटरमधला कूलर आतून फुटून पाणी मिसळलेलं असतं, किंवा गाडी पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात उभी राहिलेली असते. काही जुन्या मॉडेलांत थ्रॉटलकडून गिअरबॉक्सला केबल जाते. ती नुसती सैल झाली तरी दाब उतरतो, आणि ते काम पान्याने होतं.

त्यानंतर स्कॅनर. पी 0730 च्या मालिकेतला कोड गिअरचा हिशोब जुळत नाही एवढंच सांगतो. का जुळत नाही, ते ट्रायलमध्ये कळतं. ट्रायलला मी मालकांना शेजारी बसवतो. थंड असताना होतं की तापल्यावर? कोणत्या गिअरला? रिव्हर्सला होतं का? सानपाड्याच्या गर्दीत गाडी तापते, मग पाम बीच रोडवर एका वेगात धरता येते आणि शेवटी बेलापूरला पारसिक हिलच्या चढावर तिचा खरा कस लागतो. फक्त दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना काटा उडत असेल तर संशय एखाद्या क्लचवर किंवा तेलाची वाट उघडझाप करणाऱ्या सोलेनॉइडवर. पुढचे सगळे गिअर आणि रिव्हर्स, सगळीकडे स्लिप असेल तर मुळात दाबच कमी: पंप थकलाय किंवा फिल्टर चोंदलाय. एका वेगात थरथर येत असेल तर चालत्या गाडीत ब्रेकला हलकेच पाय लावावा. त्याने टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप, म्हणजे आतला थेट जोडणारा क्लच, सुटतो. थरथर थांबली तर दोष लॉकअपचा. तशीच राहिली तर स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल बघा, कारण इंजिनचं मिसिंग गिअरबॉक्सच्या माथी सहज मारलं जातं.

ब्रेक दाबून पूर्ण रेस देण्याची स्टॉल टेस्ट मी थकलेल्या गिअरबॉक्सवर करत नाही. पाच सेकंदांतही तेल भयंकर तापतं. तेलाचा दाब कमी आहे का, ते प्रेशर गेज गाडीला त्रास न देता सांगतो. शेवटी गिअरबॉक्सखालचा तेलाचा चेंबर उतरवतो. मॅग्नेटवर बारीक करडी पेस्ट असणं ही वयाची झीज. चकाकणारे कण किंवा प्लेटांच्या अस्तराचा काळा चुरा दिसला, तरच गिअरबॉक्स खाली घ्यायचा.

या गाड्या पुष्कळदा गुडघे दुखणारी, डावा पाय क्लचवर चालत नसलेली माणसं जपून वापरतात. त्यांना आतलं काही दिसत नाही. आमच्या शब्दावरच ती हजारो रुपये मोजतात. म्हणून मालकांना माझी विनंती आहे: स्लिप जाणवली की गाडी ओढत राहू नका. खर्चाचा आकडा ऐकण्याआधी तेल कागदावर दाखवायला सांगा, कोड आणि दाबाचं रीडिंग लिहून मागा. हे दाखवायला जो तयार नाही, त्याला गिअरबॉक्स खोलू देऊ नका.