आधी ‘आवरा’ म्हणावे



माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी घरी, आजीकडून शिकलो. तेव्हा चूकभूल सांभाळून घ्यावी.

सहामाही निकालाच्या आदल्या दिवशी कार्यालयातला संगणक अडकला. दहावीच्या गुणांची फाइल उघडी होती, साठवलेली नव्हती. माऊस हलेना. मी वैतागून संगणकच बंद करायला निघालो. तेवढ्यात नववीतली एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, थांबा. एकच प्रोग्राम अडकला असेल."

आमच्या संगणकावर लिनक्स आहे. तिने कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकदम दाबले. काळा पडदा आला. पासवर्ड घालून तिने ‘टॉप’ लिहिले, तशी चालू प्रोग्रामांची यादी आली, प्रत्येकापुढे त्याचा क्रमांक. ओळखपत्रांचे फोटो जुळवणारा प्रोग्राम सगळी ताकद खात होता. तिने ‘किल’ लिहून फक्त त्याचा क्रमांक दिला. तो थांबला. परत पाहतो तर गुण जसेच्या तसे!

मग तिने समजावले. नुसते ‘किल’ लिहिले की 15 क्रमांकाचा संदेश जातो: काम गुंडाळ आणि बाहेर ये. प्रोग्रामला आवराआवर करायला वेळ मिळतो. ऐकलेच नाही, तर ‘किल -9’. त्यात प्रोग्रामला काही करताच येत नाही. लिनक्सचा गाभा त्याला संपवतो आणि त्यातले न साठवलेले काम जाते. विंडोजमध्ये ‘टास्कलिस्ट’ने यादी मिळते, ‘टास्ककिल’ने प्रोग्राम बंद होतो, जबरदस्ती करायची तर ‘/एफ’ जोडायचे.

मला आजी आठवली. लश्करच्या आमच्या वाड्यात ती खेळातल्या पोरांना एकदम उठवत नसे. आधी म्हणे, "आवरा रे आता." कान धरायची वेळ नंतर.

आणि एक मुलगाही आठवला. पूर्वी दुसऱ्या गावी शिकवत असताना तो वर्गात महिनाभर गप्प बसे, प्रश्नाला उत्तर देत नसे. जवळ बसवून "काय झाले बाळा?" एवढे मी विचारले नाही. सरळ नाव कमी करण्याची शिफारस केली. घरी वडील अंथरुणाला खिळले होते, हे तो गेल्यावर कळले. त्याची फाइल मला परत उघडता आली नाही.

या सत्रात संगणकाच्या तासाला या आज्ञा सर्वांना शिकवू. क्रम मात्र तोच राहील: आधी 15, मग थोडे थांबायचे, आणि अगदीच इलाज नसेल तरच 9.

आपला,
प्राचार्य